विनीताच्या हाताचा गुण

आधीच सांगून टाकते, हे मी सूडबुद्धीने लिहिते आहे. विनीता वैंगणकर माझी मैत्रीण आहे आणि डॉ. दत्तप्रसाद यांच्याबद्दल मला तसूभरही सहानुभूती नाही. ज्यांना दोन्ही बाजू समजून घ्यायची हौस असेल त्यांनी हे पान इथेच उलटावं.

विनीता आणि मी दोन हजार अकरा साली सिडनीला शिकायला आलो आणि टूनगॅबीत एका घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये दोन वर्षं एकत्र राहिलो. मी आयटीत शिरले, आता पॅरामॅटाला एका सरकारी खात्यात प्रोजेक्ट सांभाळते. ती बायोटेकची मास्टर्स करून समुद्राकाठच्या एका खासगी संस्थेत टेक्निशियन म्हणून लागली. सिडनीच्या दक्षिणेला वॉलॉंगॉंग शहर आहे, तिथून पुढे बसने जावं लागतं. तिथे प्राण्यांच्या झोपेवर संशोधन चालतं. संस्थेचं नाव लिहीत नाही, उगाच नोटीस यायची.

तिचं काम ऐकून मला आधी हसू आलं होतं. उंदीर झोपलाय का, हे बघण्याचा पगार! प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर दिवसा झोपतात. त्यांच्या कवटीवर बारीक इलेक्ट्रोड बसवलेले असतात, मानेच्या स्नायूत दोन तारा असतात, आणि मेंदूची रेघ कॉम्प्युटरवर सरकत राहते. त्या रेघेचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला अक्षर द्यायचं: जागा, साधी झोप, की रेम. रेम म्हणजे स्वप्नांची झोप. उंदीरही त्या झोपेत जातो. मिशा थरथरतात, बंद पापण्यांखाली डोळे फिरतात, आणि मानेचा स्नायू इतका सैल पडतो की त्याची रेघ सपाट होते. विनीताने पाच वर्षं ही अक्षरं भरली. लाखांनी भरली असतील.

तिनेच मला एकदा ट्रेनमध्ये समजावलं होतं, आणि मी आयटीवाली असूनही ते मला समजलं. जागेपणी मेंदूच्या बुंध्यातल्या काही पेशी नॉरअ‍ॅड्रेनालिन नावाचं रसायन सोडत असतात, काही सेरोटोनिन. झोप लागली की त्या मंदावतात, आणि रेममध्ये जवळजवळ गप्पच होतात. त्याच वेळी असिटिलकोलीन चढतं, आणि मग स्वप्नं. पहारेकरी गप्प झाल्याशिवाय आतला खेळ सुरू होत नाही, असं ती म्हणाली. घाबरलेल्या उंदराचा पहारेकरी लवकर गप्प होत नाही. त्याला झोप लागली तरी रेम येता येता उशीर होतो.

एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विनीताचे वडील सासवडला जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. शाळा सुटली की ही तिथेच. शेळीला सुई टोचायची तर वडील शेळी हिच्या मांडीशी देत आणि सांगत, हिचा श्वास खाली बसेपर्यंत थांबायचं. किती थांबायचं हे पोरीला कसं कळणार? म्हणून त्यांनी सांगितलं, एकोणिसाचा पाढा म्हण, संपला की टोचू. त्यात पाढाही पाठ झाला. प्रयोगशाळेत ती तेच करायची. उंदीर टॉवेलमध्ये घ्यायचा, त्याच्या पाठीवर तळवा ठेवायचा, पुटपुटत पाढा म्हणायचा. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न. शेवटच्या एकशे नव्वदला पोचेपर्यंत तळव्याखालची धडधड संथ झालेली असे. मग सुई. उंदराला कळायचंसुद्धा नाही.

आता डॉ. दत्तप्रसाद. मूळचे डोंबिवलीचे, तीस वर्षं ऑस्ट्रेलियात, प्रयोगशाळेचे प्रमुख. तिथे सगळे त्यांना डीपी म्हणत. झाडू मारणारा डॅनसुद्धा ‘मॉर्निंग डीपी’ म्हणायचा. एकटी विनीता त्यांना सर म्हणायची आणि अहोजाहो करायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मराठी माणूस, वयाने मोठा, डॉक्टर, म्हणून सर. त्यांनीही कधी नको म्हटलं नाही. कसं म्हणतील? तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सर म्हणत होतं.

दोन हजार पंधरामध्ये त्यांनी एक औषध तपासायला घेतलं. त्याला एक्केचाळीस नंबर म्हणायचे. हे औषध त्या पहारेकरी पेशींना लवकर गप्प करेल आणि रेम लवकर आणि जास्त येईल, असा त्यांचा होरा होता. बारा उंदरांना औषध, बारांना नुसतं मिठाचं पाणी, म्हणजे सलाइन. दोन्ही गटांतला फरक मोजायचा. टोचायला माणसं दोन: विनीता, आणि शिवांगी नावाची पीएचडी करणारी दिल्लीची मुलगी. शिवांगी मनाने चांगली होती, पण उंदराला भ्यायची. हात लांब करून पकडायची, डोळे मिटून टोचायची आणि पिंजऱ्यात टाकून मोकळी व्हायची. ‘दीदी, आप ही करो ना,’ हे तिचं रोजचं वाक्य होतं.

आता खरं म्हणजे कुणाच्या हातात कोणता उंदीर येईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवं. हे मलासुद्धा कळतं. पण पहिल्या सकाळी सर आले, औषधाची बाटली त्यांनी विनीताच्या हातात ठेवली आणि मराठीत म्हणाले, ‘औषध तूच टोच. तुझ्या हाताला गुण आहे. सलाइन काय, शिवांगी टोचेल.’

बघा. माणूस तीस वर्षं परदेशात, भिंतीवर तीन पदव्या, आणि शुभारंभाला गुणाचा हात शोधतोय. आपल्याकडे डॉक्टर निवडताना आई म्हणायची ना, त्यांच्या हाताला गुण आहे, अगदी तसं. एखादा ऑस्ट्रेलियन हे करता ना, कारण त्याला सुचलंच नसतं. आणि विनीता? ती खूश झाली. मला फोन करून सांगितलं तिने, सर असं असं म्हणाले. मीही म्हटलं, अगं वा. आम्ही दोघी शिकल्यासवरलेल्या, आणि दोघींच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

निकाल झकास आला. औषधवाले उंदीर भराभर रेममध्ये जायचे, सलाइनवाले बराच वेळ जायचेच नाहीत. सरांनी पुन्हा एक बॅच केली. तीच माणसं, तेच हात. पुन्हा झकास. ‘यावरच्या रिसर्च पेपरवर तुझं नाव घालतो,’ ते विनीताला म्हणाले. ‘मग तुझ्या पीएचडीच्या ॲडमिशनचं मी बघतो.’ तिला पीएचडी करायची होती. वर्गात पहिली येणारी मुलगी होती ती, उंदरांचे पिंजरे धुवायला आलेली नव्हती.

दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये शिवांगी भावाच्या लग्नाला तीन आठवडे दिल्लीला गेली. सलाइनचे उंदीरही विनीताकडे आले. तिने त्यांना टॉवेलमध्ये घेतलं, पाढा म्हटला आणि टोचलं. आणि सलाइनवाले उंदीर औषधवाल्यांइतक्याच लवकर रेममध्ये गेले.

तिने अक्षरं दोनदा तपासली. मग वहीत लिहिलं, तारखेसकट, मराठीत, कारण ती तिची स्वतःची वही होती: फरक औषधाचा नाही, हाताचा आहे. मी सगळ्यांना टोचलं तर फरक उरत नाही. वही घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. त्यांनी पान सावकाश वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, हे तिने मला मुद्दाम सांगितलं आहे. मग वही मिटून परत दिली आणि म्हणाले, ‘एका बॅचवरून काही ठरत नसतं. तू उंदीर सांभाळ, अर्थ लावायला मी आहे.’

त्या तीन आठवड्यांचे आकडे पुढे कुठेच आले नाहीत.

विनीता गप्प बसली. तिथे तिचं चुकलं, आणि हे मी तिच्या तोंडावर बोलले आहे. ती म्हणते, तेव्हा वाटलं सरांना जास्त कळतं. शिवाय पेपरवर नाव येणार होतं. तेही होतंच मनात, हे ती लपवत नाही.

पेपर दोन हजार अठरात आला. शिवांगीचं नाव पहिलं, सरांचं शेवटचं, मध्ये चार नावं. विनीताचं कुठेच नाही. तळाशी आभाराच्या ओळीतही नाही. तिने विचारलं तर उत्तर मिळालं की टेक्निशियनचं नाव घालायची पद्धत नसते.

त्याच वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत, टूनगॅबीच्या हॉलमध्ये, सरांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या. विनीता माझ्या शेजारी तिसऱ्या रांगेत बसली होती. सर माइकवर आले, संशोधनाबद्दल बोलले, आणि मग त्यांना कुठून कुणास ठाऊक, विनोद सुचला. ‘आमची विनीता पण आली आहे. विनीता, उभी राहा. ही आमचे उंदीर सांभाळते. बाप्पाच्या वाहनाची सेवा हिच्याकडे आहे.’

दोनशे माणसं हसली. विनीता उभी राहिली, तिने हात जोडले आणि बसली. हसणाऱ्यांत मीही होते. सवयीने हसले, सगळे हसले म्हणून. ते मला आजही टोचतं, आणि हे लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

तीन महिन्यांनी तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. फंडिंग नाही, म्हणाले. ती वॉलॉंगॉंगला एका पॅथॉलॉजीत रक्त काढायच्या कामाला लागली आणि जवळच डॅप्टोला राहायला गेली. तिथे वर्षभरात लोक खास तिच्या वेळा विचारून यायला लागले. मुलं रडत नाहीत, म्हाताऱ्यांची शीर पहिल्या झटक्यात सापडते. तिचा हात तोच होता.

पण ती बदलली. गणपतीला यायची बंद झाली. सत्काराची छापील पत्रिका तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती, म्हणजे कामाचे कपडे घेताना रोज दिसावी. ‘हे कशाला?’ मी एकदा विचारलं. ‘विसरायला नको म्हणून,’ ती म्हणाली. ‘मंजिरी, मला त्या माणसाची मान खाली गेलेली बघायची आहे. मला माफी नको. नुसती मान.’ आणि दुसरं म्हणजे तिला स्वप्नं पडेनाशी झाली. निदान एकही आठवत नसे. झोप यायची, पण वरवरची, कुत्रं भुंकलं तरी जाग यायची. ‘माझा पहारेकरी गप्पच होत नाही,’ असं म्हणून ती हसायची. मला काही ते हसू आवडायचं नाही.

चार वर्षं अशी गेली. दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत सरांचा तिला फोन आला.

झालं होतं असं, की मेलबर्नच्या एका कंपनीला एक्केचाळीस नंबर माणसांवर तपासायचं होतं. त्याआधी त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत उंदरांवर प्रयोग पुन्हा करून पाहिला. फरक शून्य. सरांनी कांगावा केला की तुमच्या लोकांना उंदीर हाताळता येत नाहीत, आमच्याकडे या, आमच्या माणसांकडून करून दाखवतो. कंपनी तयार झाली, पण अट घातली: सगळ्या बत्तीस उंदरांना एकाच व्यक्तीने टोचायचं, बाटल्यांवर नाव नाही, नुसत्या लाल आणि निळ्या टोप्या, आणि कंपनीची बाई समोर बसून सगळं लिहिणार.

वॉलॉंगॉंगच्या बीचजवळच्या कॅफेत सरांनी विनीताला फ्लॅट व्हाइट कॉफी पाजली. म्हणाले, या वेळी पेपरवर नाव नक्की. पर्मनंट नोकरीही. मग थोडं पुढे वाकून म्हणाले, ‘तुला आठवतंय ना, आपण तेव्हा कसं करायचो? तसंच करायचं. तू हुशार आहेस, जास्त सांगायला नको.’

‘हो सर,’ विनीता म्हणाली.

हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘कॉफी त्याच्या तोंडावर ओतायची सोडून हो म्हणालीस? इतकं होऊन अजून सर?’

‘रविवारी येते,’ ती म्हणाली. ‘पोहे कर.’

रविवारी ती आली ती वही घेऊन. पोहे खाता खाता तिने मला मार्च सोळाचं पान दाखवलं आणि एक गोष्ट सांगितली. एक्केचाळीस नंबरची बाटली हलवली की वर बारीक फेस येतो आणि मिनिटभर राहतो. सलाइनला येत नाही. टोप्या कुठल्याही रंगाच्या असोत, औषध कुठलं हे तिला ओळखता येणार होतं, आणि सरांनाही. कंपनीच्या बाईला मात्र ते माहीत नव्हतं. सरांचा सगळा भरवसा त्या फेसावर होता. विनीता औषधाच्या उंदरांना पाढा म्हणणार, सलाइनच्या उंदरांना झटपट उरकणार, आणि फरक पुन्हा उगवणार.

‘मग सोपं आहे,’ मी म्हटलं. ‘उलट कर. औषधवाल्यांना चिमटे काढ. जन्मात झोपायचे नाहीत ते. त्याचं औषध विष ठरू दे.’

‘उंदरांचा काय दोष?’

‘विनीता, सूड घ्यायचाय ना तुला?’

‘घ्यायचाय,’ ती म्हणाली, आणि लिंबाची फोड ताटलीत पिळत राहिली, रस संपला तरी. ‘म्हणूनच. मी काही वाकडं केलं तर तो ते शोधून काढेल आणि माझ्यावर ढकलून सुटेल. मी सगळं नीट केलं तर त्याला सुटायला फटच नाही. सगळ्या बत्तीसांना सारखा हात लावणार आहे मी. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.’

मला तेव्हा हा सूड फारच मिळमिळीत वाटला. मी तिला तसं बोलले पण.

तिने पॅथॉलॉजीतून आठवड्याची रजा काढली. सोमवारी सकाळी प्रयोग सुरू झाला, रोज आठ उंदीर. कंपनीची बाई हेलन, साठीच्या पुढची, मोठ्या गोल अक्षरात पेनाने लिहायची, टायपिंगवर विश्वास नाही म्हणायची. विनीता टेबलाशी बसे, उंदीर टॉवेलमध्ये घेई, आणि सुरुवात करी: एकोणीस एके एकोणीस. लाल टोपी, पाढा. निळी टोपी, पाढा. पहिल्या दिवशी हेलनने विचारलं, व्हॉट आर यू सेइंग टू देम? विनीताने सांगितलं, टाइम्स टेबल, त्यामुळे प्रत्येकाला सारखाच वेळ मिळतो. हेलनला ते इतकं आवडलं की तिने ते वहीत चौकट आखून लिहून घेतलं.

सोमवारी सर खुशीत होते, येऊन खांद्यावर थोपटून गेले. त्यांना वाटलं, पहिल्या दिवशी ही हेलनला दाखवायला सगळ्यांचे लाड करते आहे. मंगळवारी ते दोनदा येऊन दारात उभे राहिले. शेजारच्या खोलीत स्क्रीनवर रेघा सरकत होत्या, आणि त्या वाचायला त्यांना कुणाची गरज नव्हती. लाल असो की निळा, उंदीर सारख्याच वेळात रेममध्ये जात होते. सोळाच्या सोळा.

बुधवारी सकाळी साडेनऊला विनीताच्या हातात निळ्या टोपीचा उंदीर होता. त्या बाटलीला फेस येत नव्हता. तिने तळवा ठेवला, पुटपुटायला सुरुवात केली, सत्तावन्नपर्यंत पोचली असेल. सर आत आले. हेलन समोर, हातात पेन. सर तिच्याकडे बघून छान हसले, आणि मग त्याच हसऱ्या तोंडाने, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा आवाजात, मराठीत म्हणाले, ‘विनीता, हे काय लाड चालवलेत? निळ्यांना पाढा म्हणू नकोस. पकड आणि टोच, शिवांगी करायची तसं. अजून चौदा उंदीर शिल्लक आहेत, सावरेल सगळं.’

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मार्च सोळापासून, ते पान वाचलं त्या क्षणापासून ठाऊक होतं. फरक हाताचा आहे हे त्यांना विनीताइतकंच पक्कं समजलेलं होतं, आणि त्यावर त्यांनी शाल पांघरून घेतली होती. विनीता मला म्हणाली की तोपर्यंत तिच्या मनात कुठेतरी एक कोपरा होता, सरांना खरंच पटलं नसेल असं मानणारा. तो कोपरा तिथे संपला. आणि किती निर्धास्त होता तो माणूस! समोर साक्षीदार बसलेली, आणि हा बेधडक मराठीत सांगतोय, कारण समोरची आपली आहे. आपल्या माणसाशी आपल्या भाषेत बोललं की ते घरातच राहतं, असा हिशेब होता त्यांचा. दहा वर्षं तो बरोबर ठरला होता.

विनीताने पाढा पुरा केला. एकशे नव्वद. सुई टोचली. उंदीर पिंजऱ्यात ठेवला, दार लावलं. मग मान वर करून इंग्लिशमध्ये म्हणाली, ‘सॉरी दत्ता, कुड यू से दॅट अगेन इन इंग्लिश? हेलन नीड्स टू राइट इट डाउन.’

दत्ता. डीपीसुद्धा नाही.

हेलनने पेन उचललं आणि त्यांच्याकडे बघितलं. सर म्हणाले, ‘नो वरीज, नथिंग इम्पॉर्टंट. जस्ट चॅटिंग.’

‘ओके,’ विनीता म्हणाली, ‘देन आय विल ट्रान्सलेट.’ आणि तिने सावकाश, हेलनचं पेन पोचेल इतक्या वेगाने, एकेक वाक्य सांगितलं. निळ्या टोपीवाल्यांना शांत करू नकोस. झटकन टोच, पहिल्या प्रयोगात शिवांगी करायची तसं. चौदा शिल्लक आहेत. हेलन मोठ्या गोल अक्षरात लिहीत होती आणि तिचं पान संपलं तेव्हा तिने ते उलटलं. मग विचारलं, पण निळ्या बाटलीत काय आहे हे डीपींना कसं माहीत? विनीताने दोन्ही बाटल्या उचलल्या, दोन्ही हलवल्या आणि टेबलावर ठेवल्या. एकीत फेस आला. दुसरीत नाही. मिनिटभर तिघंही त्या फेसाकडे बघत होते.

आणि मग डॉ. दत्तप्रसाद यांची मान खाली गेली. विनीताने ती नीट बघितली. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं की त्यांच्या डोक्यावर मागे केस विरळ झालेत, तेवढं दिसलं.

उरलेले उंदीर तिने त्या दिवशी आणि गुरुवारी टोचले, तसाच पाढा म्हणून. हेलनने थांबायला सांगितलं नाही. निकाल दोन आठवड्यांनी आला: फरक काही नाही. कंपनीने एक्केचाळीस नंबर सोडून दिलं. पेपर मागे घ्यावा लागला. सर आता लवकर रिटायर होणार असं ऐकते. शिवांगीचा विनीताला मेसेज आला होता, ‘दीदी, मुझे सच में नहीं पता था.’ विनीता म्हणते, तिला खरंच माहीत नव्हतं. असेल. मी एवढी उदार नाही.

एक गोष्ट मला सांगायलाच हवी, नाहीतर वाटेल की सगळं गोड झालं. प्रयोग संपला की उंदीर मारावेच लागतात, नियमच आहे तो. ते कामही विनीताने केलं, दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. बत्तीस वेळा पाढा म्हटला. ती रडली ती त्या दिवशी, उंदरांसाठी. आणि तिचं म्हणणं, की फरक हाताचा असतो, ते आजही तिच्या नावाने कुठे छापलेलं नाही. हेलनच्या अहवालात ‘हँडलर: व्ही. वैंगणकर’ एवढी एक ओळ आहे, आणि तो अहवाल कंपनीच्या कपाटात आहे. पीएचडी नाही, काही नाही. प्रयोगानंतरच्या सोमवारपासूनच ती पुन्हा रक्त काढायला गेली.

गुरुवारी निघताना सर तिला कॉरिडॉरमध्ये भेटले. मला वाटलं होतं ओरडतील, धमकी देतील. ते म्हणाले, ‘विनीता, परक्यांनी केलं असतं तर समजू शकलो असतो. आपल्याच माणसाने असं करावं?’

‘मी सगळ्यांना सारखाच हात लावला, दत्ता,’ ती म्हणाली. ‘तू सांगितलंस तसा नाही लावला, एवढंच.’

मग ती बसने वॉलॉंगॉंग स्टेशनला आली आणि दुपारची चारची ट्रेन पकडली. डॅप्टोला उतरायचं होतं. पाचला मला तिचा फोन आला, मागे समुद्राचा आवाज. ती कियामाला पोचली होती, शेवटच्या स्टेशनला. गार्डने हलवून उठवलं होतं. ‘अगं, झोपले,’ ती म्हणाली. ‘अशी झोपले की डॅप्टो कधी गेलं कळलंच नाही. आणि मंजिरी, स्वप्न पडलं.’

मी मीटिंगमधून उठून बाहेर आले. ‘काय पडलं?’

‘टूनगॅबीचा हॉल होता. दत्ता तिसऱ्या रांगेत बसला होता, खांद्यावर ती शाल. त्याला मी म्हटलं, उभा राहा. तो उभा राहिला आणि त्याने हात जोडले.’

‘आणि लोक हसले का?’

‘हो. सगळे हसले. तू पण.’

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला. मग विचारलं, ‘आणि तू कुठे होतीस?’

‘मी स्टेजवर होते ना,’ विनीता म्हणाली. ‘उंदीर सांभाळत.’